दोन बोटं कमी

कॅप्टन आबासाहेब इंगवल्यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते कोल्हापुरात उजळाईवाडीच्या विमानतळाबाहेर एका टपरीवर चहावाल्याशी भांडत होते. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खांद्यावर चार सोनेरी पट्ट्या आणि चहाच्या ग्लासाला बाहेरून आडवी लावलेली दोन बोटं. चहा दोन बोटं कमी आहे असं त्यांचं म्हणणं, आणि तुमची बोटंच जाड आहेत असं चहावाल्याचं. मी हातात बॅग धरून शेजारी उभी होते. एका लहानशा विमान कंपनीत को-पायलट म्हणून माझा तो पहिला दिवस होता आणि ह्याच गृहस्थांच्या शेजारी बसून मला हैदराबादला जायचं होतं.

"तू सांग," त्यांनी मलाच पंच नेमलं. "किती कमी हाय?"

"थोडा कमी आहे, सर."

"थोडा म्हंजे किती? थोडा असं काय नसतंय. बोटं सांग."

मी घाबरत ग्लासाकडे पाहिलं. "दीड."

"दीड!" त्यांनी चहावाल्याकडे बघून कपाळावर हात मारला. "कुणाची गं तू?"

माझे वडील राजारामपुरीतल्या शाळेत गणित शिकवायचे असं मी सांगितलं.

"तरीच. आख्खं बोट द्यायला जीव जातोय. मास्तरीण हैस तू. आणि ते सर-बिर मला म्हणू नगंस, सर मास्तराला म्हणत्यात. इमानात कॅप्टन म्हण, भाईर आबा म्हण."

तेव्हापासून मी मास्तरीण झाले, आजतागायत.

आबांचं सगळं मोजमाप बोटांत चालायचं. ढग किती वर आहेत, धावपट्टीवर पाणी किती साचलंय, ऑफिसातला साहेब किती तापलाय, सगळं बोटांत. समोर लाखमोलाची यंत्रं आकडे दाखवत असायची, पण आबा आधी हात लांब करून काचेवर बोटं धरायचे, मनाशी काहीतरी ठरवायचे आणि मग यंत्राकडे बघायचे. "त्याला बी खरं बोलायची संधी द्यावी की," असं म्हणायचे. चीड आणणारी गोष्ट अशी, की यंत्राचा आणि त्यांचा आकडा बहुतेक वेळा जुळायचा.

उंचीला ते कमी होते आणि रुंदीला भरपूर. तरुणपणी तालमीत घाम गाळलेला, त्यामुळे दोन्ही कान चुरगळलेल्या पुरीसारखे. पुढे कुस्ती सुटली, खुराक सुटला नाही. तालमीतला गडी विमानात कसा काय पोचला असं कुणी विचारलं की दर वेळी वेगळं उत्तर मिळायचं. एकदा म्हणाले, मामाशी पैज लागली होती. एकदा म्हणाले, एसटीच्या कंडक्टरचा फॉर्म भरायला गेलतो, खिडकी चुकली. खरं काय ते मला अजून माहीत नाही आणि आता विचारण्यात मजाही नाही.

त्यांचं घर गडमुडशिंगीत, विमान उतरायला खाली येतं त्या वाटेखालीच. घरी तीन म्हशी, थोडा ऊस आणि त्यांची बायको शालन वैनी. आमचं विमान घराच्या पत्र्यावरून गेलं की वैनी चुलीवर तवा ठेवायच्या. विमान उतरून, कागदपत्रं उरकून, मोटारसायकलला लाथ मारून आबा दारात पोचेपर्यंत पहिली भाकरी फुगलेली असायची. वीस वर्षांत ती भाकरी एकदाही गार मिळाली नाही, हे आबा नावावरच्या उड्डाणाच्या तासांपेक्षा जास्त अभिमानानं सांगायचे. कंपनीनं त्यांना दोनदा मोठ्या शहरात बढती देऊ केली होती. दोन्ही वेळा त्यांनी विचारलं होतं, "तितं भाकरी कोण टाकतंय?"

प्रवाशांशी त्यांचं बोलणं हा आमच्या ऑफिसचा कायमचा डोकेदुखीचा विषय होता. नियमाप्रमाणे इंग्रजीत दोन वाक्यं म्हणून झाली की आबा मूळ पदावर यायचे. "मंडळी, कोल्हापूर आलं. डावीकडं पंचगंगा दिसतीया. उजवीकडं माझं रान हाय, पर तिकडं बघायचं कारण न्हाय, ऊस तुटून गेलाय." एकदा एका प्रवाशानं लेखी तक्रार केली की कॅप्टन विमान चालवण्याऐवजी शेती बघतात. आबांनी लेखी उत्तर दिलं की शेती को-पायलट बघत होती. साहेबांनी मला बोलावून घेतलं. मी खरंच बघत होते, त्यामुळे माफी मागून परत आले.

पण ह्या थट्टेखाली एक माणूस होता ज्याच्याशी खेळायची सोय नव्हती. नोकरीच्या दुसऱ्याच आठवड्यात तो मला भेटला.

उड्डाणाआधी विमानाभोवती एक फेरी मारून सगळं बघायचं असतं. मी फेरी मारली, कॉकपिटमध्ये येऊन बसले आणि ऐटीत म्हणाले, "सगळं तपासलं, कॅप्टन."

"किती मिरच्या हुत्या?"

"कसल्या मिरच्या?"

"खाली जा."

खाली गेले. उजव्या चाकाला लावलेल्या लाकडी ठोकळ्यावर, मी जिथे नुकतीच नजर टाकून आले होते तिथेच, एक लिंबू आणि मिरच्या ओवून ठेवल्या होत्या. मी मोजल्या, उचलल्या, वर आणल्या. "पाच."

"पयल्या खेपेला का दिसल्या न्हाईत?"

"बघितलं होतं, पण..."

"डोळं फिरवलंस. बघितलं न्हाईस. हे बग मास्तरीण, मागं पन्नास माणसं बसत्यात. त्यांच्यातलं एक बी भाईर येऊन चाक बघत न्हाय. त्यांनी तुज्या जिभंवर इश्वास ठेवलाय. जे डोळ्यानं बघितलं न्हाईस ते जिभंवर आणायचं न्हाय. मी म्हटलं तरी न्हाय, माझा बाप म्हटला तरी न्हाय." मग लिंबू स्वतःच्या खिशात टाकून म्हणाले, "मिरच्या तू ने. मास्तरास्नी पिठलं करून घाल."

त्यानंतर मी कित्येक महिने प्रत्येक फेरीत मिरच्या शोधत होते. कधी असायच्या, बहुतेकदा नसायच्या. त्यांचा हेतू तोच असणार.

आमची पंख्याची विमानं म्हातारी झाली आणि कंपनीनं ती काढून जेट आणायचं ठरवलं, तेव्हाची ही गोष्ट. जेट एका जातीची नव्हती, दोन जातींची होती. एक पन्नास आसनांचं, अरुंद, लांबट, इंजिनं शेपटीजवळ. दुसरं सत्तरच्या वरचं, ऐसपैस, इंजिनं पंखांखाली लटकलेली. दोन्ही वापरलेली, भाड्यानं घेतलेली. पायलटला एका वेळी एकाच जातीचं विमान उडवता येतं, त्यामुळे प्रत्येकानं आपली पसंती लिहून द्यायची होती. ज्येष्ठतेप्रमाणे निवड, आणि सगळ्यांत ज्येष्ठ आबा. पासष्टाव्या वर्षी पायलटला घरी बसावं लागतं. आबांची तीनच वर्षं उरली होती, म्हणजे जे निवडतील तेच शेवटचं.

ह्यात आबांच्या दृष्टीनं एकच मुद्दा होता. कंपनी लहान जेट कोल्हापूरला लावणार होती. मोठं जेट लांबच्या शहरांमध्ये फिरणार होतं, आणि ते घेणाऱ्यानं बेंगळुरात राहायचं.

दोन्ही विमानं बघायला आम्हाला बेंगळुरातल्या एका हँगरमध्ये नेलं. विमानं देणाऱ्यांचा एक उंच गोरा माणूस माहिती सांगायला उभा होता. आमचे कॅप्टन खानोलकर, मूळचे मुंबईचे, लॅपटॉपवर तक्ता करून आले होते: वेग, पल्ला, पगार, पुढच्या नोकरीची शक्यता. आबांनी तक्त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. हात मागं बांधून त्यांनी दोन्ही विमानांना तीन तीन प्रदक्षिणा घातल्या. मग लहान विमानाच्या पोटावर थाप मारून त्यांनी गोऱ्याला विचारलं, "हाऊ मेनी ओनर्स बिफोर?"

गोरा म्हणाला, दोन.

"म्हंजे तिसऱ्या वेताची," आबा आम्हाला म्हणाले. मग इंजिनाच्या तोंडात हात घालून एकेका पात्याची धार बोटानं चाचपायला लागले. गोरा कौतुकानं म्हणाला की असा बारकाईनं बघणारा पायलट त्यानं पाहिला नाही. आबा मला म्हणाले, "दात बघतोय म्हणून सांग त्येला." मी सांगितलं नाही.

लहान जेटचं नाव त्यांनी तिथेच ठेवलं, काटकुळी. मोठ्याची पंखांखाली लोंबणारी इंजिनं बघून त्याला म्हणाले दुभती. आठवडाभरात अख्खी कंपनी तीच नावं वापरायला लागली. साहेबांच्या एका पत्रातसुद्धा चुकून 'दुभतीचे वेळापत्रक' असं पडलं.

मग टपरीवर रोज सभा भरायला लागली. खानोलकर दुभतीच्या बाजूनं. दुभती वेग स्वतः सांभाळते, काटकुळीत तो हातानं सारखा कमीजास्त करत बसावं लागतं. दुभतीत उभं राहून कोट घालता येतो, काटकुळीत वाकून आत शिरलं की मुक्कामी पोचल्यावरच कणा सरळ होतो. दुभती शिकलेल्या पायलटला उद्या जगात कुठंही नोकरी आहे.

"आबा, काटकुळीत आहे काय?" खानोलकर विचारायचे.

"सगळं सवताच करती म्हनं तुमची दुभती. मग तुमी तितं कशाला बसताय? कंपनीला सोबत?" आबा चहात कडक बटर बुडवत म्हणायचे. "काटकुळीची इंजिनं कुटं हैत? पार शेपटाला. पुढं बसलं की आवाज न्हाय, गडबड न्हाय. देवळात बसल्यागत वाटतंय. आणि हातानं चालवाय लागतीया, ह्योच तर गुण हाय. आवं, म्हशीनं सवताच धार काढून किटलीत घातली तर गवळ्याला कोण इचारणार?"

"आणि पगार?"

"खाणारी तोंडं दोन. त्यातलं एक म्हशीच्या नादात असतंय."

सगळ्यांना वाटायचं, आबांचं ठरलेलं आहे. ठरलेलं होतंच. पण एक गोष्ट फक्त त्यांना आणि मला माहीत होती.

बेंगळुरात काटकुळीत बसून बघायची पाळी आली तेव्हा डावीकडे आबा, उजवीकडे मी. आबांनी आधी सगळ्या बटणांवरून मायेनं हात फिरवला. मग समोरचा दांडा धरला. हा दांडा मागे ओढला की विमानाचं नाक वर येतं. उड्डाणाआधी तो अगदी शेवटपर्यंत मागे जातो की नाही हे रोज बघायचं, आणि शेजारच्यानं डोळ्यांनी खात्री करून 'पूर्ण' म्हणायचं, असा नियम आहे. ऐन वेळी नाक वर घ्यायचं असेल आणि दांडा मध्येच अडला, तर पुढची हकिकत सांगायला कुणी उरत नाही. आबांनी दांडा ओढला. तो आला, आला आणि त्यांच्या पोटाला टेकून थांबला.

त्यांनी सीट मागे घेतली. दांडा मोकळा झाला, पण पाय खालच्या पेडलपर्यंत पोचेनात. पेडल जवळ येतील तेवढी आणली. तरी पोचेनात. सीट पुढे घेतली, परत पोट. पुढे पोट, मागे पाय. असं पाच मिनिटं चाललं होतं. बाहेर गोरा हसतमुखानं उभा होता.

शेवटी आबांनी खाली दांड्याचं मूळ आणि ते जिथं टेकायला हवं ते टोक, ह्यांच्यामधल्या फटीत हात घातला. "दोन बोटं," ते हळूच म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "कुणाला बोलायचं न्हाय."

त्याच दिवशी संध्याकाळी कंपनीचं पत्र आलं. तीन महिन्यांनी प्रत्येकाला आपल्या पसंतीच्या विमानाच्या नकली कॉकपिटमध्ये, म्हणजे सिम्युलेटरमध्ये, परीक्षकापुढे बसून दाखवायचं होतं. दोन बोटांसाठी आबांना तीन महिने मिळाले.

मी गडमुडशिंगीला गेले तेव्हा शालन वैनींनी मोहीम हातात घेतलेली होती. त्यांनी म्हशीच्या दाव्याचा एक जुना तुकडा घेऊन आबांच्या पोटाला गुंडाळला होता आणि जिथं टोक आलं तिथं गाठ मारली होती. दर रविवारी दावं लावायचं. "वजनकाट्याला फसीवतंय ह्ये," वैनी मला म्हणाल्या. "भितीला हात टेकून हुबं ऱ्हातंय. दाव्याला काय फसीवणार? मी बघतो की."

सकाळचं दूध बंद झालं. भाकऱ्या चारावरून दोनावर आल्या. आबा पहाटे धावपट्टीच्या कुंपणाबाहेरून चालायला लागले. भेटणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, कुंपण तपासतोय. महिन्याभरात गाठीच्या आत एक बोट दोर शिल्लक राहायला लागला. आबांनी मला फोन करून सांगितलं, "एक बोट गेलं, मास्तरीण! दुसरं घाबरलंय." आवाजात असा आनंद होता की मलाही वाटलं, होणार हे.

आणि मग गावची म्हाई आली.

आमच्याकडच्या म्हाईत काय असतं हे बाहेरच्याला सांगून समजणार नाही. अख्ख्या गावात घरोघरी मटण शिजतं, आणि गावातल्या मानाच्या माणसानं एकाच घरी जेवून चालत नाही. विमान चालवणारा गावात एकच. त्यानं एखाद्या घरी ताटावर बसायला नकार दिला तर त्या घराला वर्षभर तोंड दाखवायची पंचाईत. आबा मला नंतर सांगत होते, "आकरा घरं. प्रत्येक घरात नुसता रस्सा चाखायचा असं ठरवूनच गेलतो."

"मग?"

"रस्सा चाखला. मग त्यात मटण हाय असं कळलं."

पुढच्या रविवारी वैनींनी दावं लावलं. गेलेलं बोट परत आलं होतं आणि येताना एकटं आलं नव्हतं. वैनींनी दावं गुंडाळून खुंटीला अडकवलं. उरलेल्या दिवसांत आबांनी जीव काढला, दूध-भाकरी दोन्ही टाकली. ताक पिऊन विमानं उडवली. माझ्या शेजारी बसून दुसऱ्यांचे डबे हुंगणारा तो माणूस बघवत नव्हता.

परीक्षेच्या दिवशीही त्यांच्या शेजारी मीच होते. परीक्षक मागच्या खुर्चीवर होता, कंपनीबाहेरून बोलावलेला, तुटक बोलणारा. आबांच्या पाठीमुळे त्याला दांडा दिसत नव्हता. तो फक्त मला दिसत होता.

"कंट्रोल तपासा," तो म्हणाला.

आबांनी एक खोल श्वास सोडला, पोट आत खेचलं आणि दांडा ओढला. गेला! शेवटपर्यंत गेला, टक् असा आवाजसुद्धा आला. आबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. चेहरा लालबुंद, कपाळाची शीर ताठ, डोळे विस्फारलेले. म्हण, असं ते डोळे सांगत होते. लवकर म्हण.

मला म्हणायचं होतं. खरंच सांगते, जिभेवर आलं होतं. मला फुगलेली भाकरी दिसत होती, खुंटीवरचं दावं दिसत होतं. पण माणसाला श्वास घ्यावा लागतो. मी नुसती बघत राहिले. तीन सेकंद गेले असतील, चार गेले असतील. आबांनी श्वास घेतला, आणि दांडा पोटाबरोबर पुढे आला.

"पूर्ण?" मागून परीक्षकानं विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "दोन बोटं कमी."

आबांनी दांडा हळूच सोडला, पट्टा काढला आणि ते आडवे होऊन खुर्चीबाहेर पडले. जाताना त्या नकली कॉकपिटच्या दारावर त्यांनी थाप मारली, गोठ्यातून निघताना मारतात तशी. नंतर मी त्यांना कँटीनमध्ये लांबून पाहिलं. तीन डोसे पुढ्यात घेऊन बसले होते. मी जवळ गेले नाही. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. मला अपराधी वाटत होतं आणि रागही येत होता, त्यांचा, माझा आणि त्या अकरा घरांचा.

आबांनी दुभतीच्या रकान्यात सही केली, तिच्या कॉकपिटात पोटाला जागा होती. खानोलकरांना वाटलं त्यांच्या तक्त्याचा विजय झाला, आणि ते दोन दिवस टपरीवर सगळ्यांना चहा पाजत होते. आबांनी तो चहा प्यायला आणि खरं कारण सांगितलं नाही. मीही नाही. माझ्याशी मात्र ते महिनाभर बोलले नाहीत. म्हशींपायी वैनी मागे राहिल्या आणि आबा एकटेच बेंगळुरात निघून गेले, तेव्हाही निरोप नाही.

मग एके दुपारी फोन आला. हॅलो नाही, काही नाही.

"किती मिरच्या हुत्या?"

"पाच," मी नाक ओढत म्हणाले.

"मग झालं की. रडतीस कशाला?" मग स्वतःच म्हणाले, "राग आला हुता. खोटं कशाला बोलू. तुजा न्हाय, पोटाचा आला हुता. पर पोटावर रुसून किती दीस ऱ्हाणार? त्ये कुटं बी संगच येतंय." आणि लगेच दुभतीच्या कागाळ्या सुरू केल्या. "लई शिकलेली हाय ही. सगळं सवताच करती, मला नुसती इचारती, 'चालंल का?' मी म्हनतो चालंल. दीसभर आमचं हेच."

मी काटकुळी घेतली. पुढे कॅप्टनही झाले. रोज गडमुडशिंगीवरून खाली यायचे आणि इंगवल्यांचा पत्रा पंखाखालून सरकताना बघायचे. एकदा सुट्टीच्या दिवशी वैनींना भेटायला गेले. बोलता बोलता डोक्यावरून आमच्याच कंपनीचं विमान गेलं, आणि वैनी उठल्या, चुलीवर तवा ठेवला. ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं. "हात ऐकत न्हाय बघ," त्या म्हणाल्या आणि तवा उतरवायला लागल्या. मी म्हटलं, राहू दे वैनी, मला भूक लागलीय. त्यांनी भाकरी टाकली आणि मी खाली बघून ती संपवली. त्या दिवशी मला माझ्या खरेपणाचा अजिबात अभिमान वाटला नाही.

अशी तीन वर्षं गेली. आबांचं शेवटचं उड्डाण लांबच्या कुठल्याशा शहरात झालं. हार, केक, फोटो. दुसऱ्या दिवशी ते बेंगळुराहून कोल्हापूरला यायला निघाले, प्रवासी म्हणून, माझ्या विमानातून. मला कळवलं नव्हतं. दार लावायची वेळ झाली आणि आमची एअरहोस्टेस कपाळाला आठ्या घालून कॉकपिटमध्ये आली.

"कॅप्टन, पहिल्या रांगेत एक गृहस्थ आहेत. बेल्ट बसत नाहीये आणि जोडपट्टा घ्यायला तयार नाहीत."

लठ्ठ प्रवाशांसाठी आमच्याकडे पट्ट्याला जोडायचा नारिंगी रंगाचा जादा तुकडा असतो. मी म्हटलं, "नियम आहे म्हणून सांग."

"सांगितलं. ते म्हणतात, दोनच बोटं कमी पडतायत. तुमच्या कॅप्टनला म्हणावं, चालवून घ्या."

मी हातातला कागद खाली ठेवला. मग मागे न बघता, पहिल्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "दोन बोटं कमी म्हणजे कमी. माझा बाप असला तरी पट्टा लावायचा. नाहीतर खाली उतरायचं."

मागे अख्खी कॅबिन दणाणेल असं हसू फुटलं. "लाव, पोरी, लाव तो पट्टा," आबा एअरहोस्टेसला सांगत होते. "आपली मास्तरीण हाय. तिच्या म्होरं कुणाचं चालत न्हाय."

मी त्या दिवशी विमान असं उतरवलं की चाकं कधी टेकली ते मलाच कळलं नाही. उतरण्याआधी माईक घेऊन प्रवाशांना इंग्रजीत दोन वाक्यं सांगितली आणि पुढे म्हटलं, "मंडळी, डावीकडं पंचगंगा दिसतीया. उजवीकडं इंगवल्यांचं रान हाय. तिकडं आज बघा. खाली एक चूल पेटलेली असंल." आमच्या ऑफिसात त्याबद्दल अजून एक तक्रार फाइलला लागलेली आहे.

दार उघडल्यावर आबा थांबले नाहीत. त्यांना घाई होती, भाकरी गार झाली असती. जिन्यावरून उतरून काटकुळीच्या पोटावर एक थाप मारली आणि तुरुतुरु निघून गेले. सगळे उतरल्यावर एअरहोस्टेसनं मोजदाद केली आणि सांगितलं, नारिंगी जोडपट्टा सापडत नाही. मी वहीत लिहिलं, 'एक पट्टा कमी.' जे डोळ्यांनी बघितलं तेवढंच लिहायचं असतं. कुणी नेला ते मी बघितलं नव्हतं.

ते बघितलं दिवाळीच्या पाडव्याला. आमच्याकडे पाडव्याला म्हशी सजवून, शिंगं रंगवून, मोटारसायकलच्या मागे पळवतात. मी वडिलांना घेऊन बघायला गेले होते. गर्दीतून सायलेन्सर काढलेल्या गाडीचा आवाज आला आणि पाठोपाठ एक सडपातळ, लांबट म्हैस धावत आली. पाठीवर रंगानं लिहिलं होतं, 'काटकुळी'. गळ्यात कवड्यांची माळ आणि माळेखाली एक नारिंगी पट्टा, त्याचं चकचकीत बक्कल उन्हात चमकत होतं. पुढे गाडीवर फेटा बांधलेले आबा. माझ्याकडे लक्ष गेलं तशी त्यांनी आरोळी ठोकली, "मास्तरीण! पूर्ण!" आणि गाडी कोपऱ्यावर वळवायला हँडल पूर्ण ओढलं.

ते पोटाला टेकलं. गाडी रस्ता सोडून सरळ फुगेवाल्याच्या दिशेनं निघाली, फुगेवाला बाजूला उडाला, आबांनी दोन्ही पाय जमिनीला लावून ती कशीबशी थांबवली. म्हैस मात्र शहाण्यासारखी वळणावर वळली आणि एकटीच पुढे निघून गेली. आबांनी हँडल आणि ते जिथवर वळायला हवं होतं ती जागा ह्यांच्यामध्ये हात घालून बघितला, मान वर करून मला शोधलं, आणि भर गर्दीत दोन बोटं दाखवली.